जुनी गाडी, नवी वॉरंटी आणि न वाचलेली नऊ पानं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात डिसेंबरमध्ये केलेले भाषण. सचिवांच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलण्याच्या ओघात सुटलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना जोडले आहेत.)

अध्यक्ष, सचिव, महिला मंडळाच्या भगिनी आणि मागच्या रांगेत मोबाइल बघत बसलेले आमचे तरुण मित्र,

सचिवांनी मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’. मी म्हणालो, त्या विषयावर बोलायला बँकेचे हल्लीचे लोक आहेत. मी माझ्या एका मूर्खपणावर बोलतो, त्याचा लोकांना जास्त उपयोग होईल. ते हसले आणि म्हणाले, बोला, पण वीस मिनिटांत आटपा. पेन्शनर माणसाला वीस मिनिटं म्हणजे प्रस्तावनेलाच लागतात, तरी बघतो.

आपण २००० साली इथं राहायला आलो तेव्हा या आवारात दोन चारचाकी होत्या. त्यातली एक डॉक्टरांची, दुसरी बहुतेक वेळा बंद. आज पार्किंगवरून भांडणं होतात. परवा सकाळी फिरताना मी सहज मोजल्या, एकोणीस गाड्या निघाल्या. त्यातल्या निदान सात-आठ जुन्या घेतलेल्या आहेत, हे मला ठाऊक आहे, कारण घेताना बहुतेकांनी ‘काका, कागद बघा जरा’ म्हणून मला दाखवलं होतं. म्हणजे मी दुसऱ्यांचे कागद बघतो. स्वतःचे बघितले नाहीत, ती ही गोष्ट.

ऑगस्ट २०२४ मध्ये मी लातूरला एक जुनी गाडी घेतली. कारण तुम्हाला माहीत आहे. नातू अकरावी-बारावीला लातूरला होता. नांदेडात क्लासेस काय कमी आहेत का? आख्ख्या मराठवाड्यातून पोरं इथं येतात. पण आमच्या सूनबाईंच्या मनात लातूर पॅटर्न बसलेला, आणि एकदा आईच्या मनात बसलं की विषय संपला. तिथं खोली केली. पोराला मेसचं जेवण सोसेना, म्हणून आमच्या सौभाग्यवती तिकडं राहायला गेल्या. मग दर पंधरा दिवसांनी डबे, गहू, गोधडी, पुस्तकं घेऊन माझी नांदेड-लातूर वारी सुरू. सुमारे १४० किलोमीटर. एसटीनं जात होतो, पण गुडघे बोलायला लागले. मुलगा म्हणाला, बाबा, गाडी घ्या, आणि नवी नका घेऊ.

गाडी सहा वर्षांची, पांढरी, पेट्रोलवर चालणारी, पहिल्या मालकाची. किंमत चार लाख साठ हजार. विकणारा तरुण गोड बोलणारा होता. मला ‘सर’ म्हणाला, सौभाग्यवतींना ‘काकू’ म्हणाला, चहा मागवला. व्यवहार ठरला आणि मग तो म्हणाला, “सर, या वयात टेन्शन कशाला घेताव? सोळा हजार पाचशेत एक वर्षाची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या. इंजिन, गिअरबॉक्स, सगळं कव्हर. तुम्ही फक्त पेट्रोल टाकायचं.” आणि आपल्या कार्डाच्या मागे त्यानं पेनानं लिहून दिलं: ‘इंजिन-गिअरबॉक्स फुल कव्हर, १ वर्ष’. ते कार्ड मी पाकिटात ठेवलं. या सगळ्या व्यवहारात मी केलेली तेवढी एकच शहाणपणाची गोष्ट.

वॉरंटीचे कागद कुठायत, असं मी विचारलं. “ईमेलवर येतील सर, आठ दिवसांत.” आले. नऊ पानं, बारीक इंग्रजी. मी पहिलं पान उघडलं, माझं नाव आणि गाडीचा नंबर बरोबर आहे का ते बघितलं आणि बंद केलं. १९७४ साली मी स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये लागलो आणि २०११ साली बाहेर पडलो. आता ती बँकही राहिली नाही, १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. या सदतीस वर्षांत मी किती कर्जदारांना आणि किती जामीनदारांना म्हणालो असेन, “बाबा, सही करण्याआधी वाच!” ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीनदार म्हणून येणारी माणसं लग्नात साक्षीदार म्हणून उभं राहावं तशी सही करायची, आणि चार वर्षांनी नोटीस गेली की शाखेत येऊन रडायची. मी मनात म्हणायचो, काय हे अडाणी लोक. आता तो शब्द मी मागे घेतला आहे.

आता ४ मे २०२५ चा रविवार. नीटची परीक्षा. नातवाचं केंद्र नांदेडात, पेपर दुपारी दोनला, दीडला गेट बंद म्हणजे बंद. शनिवारीच निघायचं असं माझं म्हणणं होतं. पोरगा म्हणाला, आबा, शेवटच्या दिवशी सरांचा डाऊट सेशन आहे. तो झाला, रात्र झाली, सौभाग्यवती म्हणाल्या की रात्रीचा प्रवास नको. म्हणून रविवारी सकाळी साडेसातला तिघं निघालो. चाकूर गेलं, शिरूर ताजबंदला चहा, अहमदपूर मागे पडलं. मे महिन्याचं ऊन, नऊलाच रस्ता चमकत होता. मागच्या सीटवर पोरगा बायोलॉजीची वही घेऊन पुटपुटत होता, आणि आजी त्याला दर दहा मिनिटांनी पाणी देत होती.

माळेगाव यात्रेच्या अलीकडे एसीतून गरम हवा यायला लागली. मी एसी बंद केला. माळेगाव ओलांडलं आणि समोरच्या डब्यावर तापमानाचा लाल दिवा लागला. गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना कळतं त्याचा अर्थ काय: थांबा, इंजिन बंद करा. मी थांबलोही. बॉनेट उघडलं तर वाफ. रस्त्यावर सावलीचं झाड नाही. रविवार असल्यामुळे गाड्याही तुरळक. वॉरंटीच्या कागदावरच्या मदतीच्या नंबरला फोन लावला, तिथं गाणं लागलं. पाच मिनिटं गाणं ऐकलं. नातवाकडं बघितलं तर त्याची वही मिटलेली, आणि तो माझ्याकडं नाही, घड्याळाकडं बघत होता.

थोडी थंड झाल्यावर बाटलीतलं पाणी टाकलं आणि पुन्हा काढली गाडी. दोन-तीन किलोमीटरवर पुन्हा लाल दिवा. या खेपेला मी थांबलो नाही. लोह्याच्या स्टँडपर्यंत तशीच रेटली. शेवटी इंजिनातून भांड्यावर पळी आपटल्यासारखा आवाज येत होता. स्टँडवर नांदेडची एसटी लागलेलीच होती. आजी-नातवाला त्यात बसवलं, कंडक्टरला म्हणालो, “पोराची परीक्षा आहे हो.” तो म्हणाला, “गाडीत अजून दोघं हायेत तसलेच, बसा.” साडेअकराला ते नांदेडात पोहोचले. पेपर झाला. पुढचं सांगायला नको, पेढे तुम्ही सगळ्यांनी खाल्ले आहेत.

मी मात्र लोह्यात. एका ओळखीच्या मेकॅनिककडं गाडी ढकलत नेली. त्यानं बघितलं आणि म्हणाला, “मामा, पाण्याचा थेंब नाही की यात! कुठून चालवत आणलीत?” मी सांगितलं. तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली. डॉक्टरांची ती मान हलवण्याची पद्धत असते ना, तशी.

सोमवारी सकाळी त्यानं इंजिनाचं हेड उतरवलं. रेडिएटरला जाणारा रबरी पाइप फाटलेला होता. त्या पाइपची किंमत साडेसातशे रुपये. पाइप फाटला म्हणून पाणी गेलं, पाणी गेलं म्हणून इंजिन तापलं, आणि तापलं तरी मी चालवत राहिलो म्हणून हेड वाकलं, गॅस्केट गेलं. सगळं मिळून बिल ४१ हजार ३०० रुपये. मी निर्धास्त होतो. ‘इंजिन फुल कव्हर’ आहे ना!

अकरा वाजता त्या नंबरला फोन लागला. पहिला प्रश्न आला, “सर, गाडी खोलली आहे का?” मी म्हणालो, हो, हेड उतरवलंय. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, “मग कठीण आहे, सर.”

तेरा दिवसांनी नकाराचं पत्र आलं. तीन कारणं होती. त्या दिवशी मी चष्मा लावून, पेन्सिल घेऊन नऊच्या नऊ पानं वाचली. रात्री साडेदहापर्यंत. सौभाग्यवती दोनदा येऊन बघून गेल्या.

पहिलं कारण: आधी मंजुरी घेतल्याशिवाय आणि त्यांच्या माणसानं बघितल्याशिवाय गाडी खोलायची नाही. पान तीन. दुसरं: रबरी पाइप, बेल्ट, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, बल्ब ही सगळी झिजणारी वस्तू म्हणून वगळलेली, आणि वगळलेल्या वस्तूमुळं दुसरं काही बिघडलं तर तेही वगळलेलं. पान पाच. म्हणजे हेड त्यांच्या यादीत होतं, पण हेड पाइपामुळं गेलं, म्हणून हेडही बाद. तिसरं: धोक्याचा दिवा लागल्यावरही गाडी चालवत ठेवली तर जबाबदारी मालकाची. पान सहा. शिवाय दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल ते, अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग आणि त्याचं बिल. ते माझं तेवढं बरोबर होतं. आणि सातव्या पानावर, मला सगळ्यात जास्त हसू आलं ते, एका दाव्याला जास्तीत जास्त मर्यादा ४० हजार. म्हणजे त्यांनी दिले असते तरी सगळे दिले नसते.

इथं थोडं कायद्याचं बोलतो, कंटाळू नका. आपण गॅरंटी, वॉरंटी, हमी हे शब्द सारखेच वापरतो. कायद्यात ते सारखे नाहीत. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२६ मध्ये गॅरंटी म्हणजे तिसऱ्या माणसानं दिलेली हमी: कर्जदारानं नाही फेडलं तर मी फेडीन. तो आपला जामीनदार. वॉरंटी हा १९३० च्या मालविक्री कायद्यातला शब्द. तिथं दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. एक ‘कंडिशन’, म्हणजे व्यवहाराचा पाया. ती मोडली तर माल परत करून पैसे मागता येतात. दुसरी ‘वॉरंटी’, म्हणजे पायाच्या बाजूची अट. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. आता मला जी सोळा हजार पाचशेला विकली, ती यातली कुठलीच नव्हती. तो दुरुस्तीचा एक वेगळा करार होता, वेगळ्या पैशात घेतलेला. गाडी विकणारा एक, पैसे देणारी कंपनी दुसरी, आणि तिचं नाव नवव्या पानाच्या तळाशी. बँकेत मी हेच शिकवायचो की कागदावर देणारा कोण आहे ते आधी बघा, बाकीचं नंतर.

आणि तो विमाही नव्हता. बऱ्याच जणांना वाटतं, गाडीचा फुल इन्शुरन्स आहे ना, मग काय. गाडीच्या विम्यात अपघात, चोरी, आग, पूर येतं. यंत्राचा आपोआप झालेला बिघाड, झीज, घसारा हे येत नाही. ती मोकळी जागा भरायला हे वॉरंटीवाले येतात. जागा खरी आहे, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की ती कितपत भरली जाते.

माझ्या वडिलांची आठवण झाली त्या रात्री. आमचं गाव कंधार तालुक्यात. वडील बैल घ्यायला माळेगावच्या यात्रेत जायचे, कधी उदगीरकडं हाळीच्या बाजारात. मीही गेलोय लहानपणी, पालात झोपलोय. लाल कंधारी बघावा तर आमच्याकडं आणि देवणी लातूरकडं. वडील बैलाचं तोंड उघडून दात बघायचे: आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला. दलाल रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव करायचे, बाहेर उभ्या माणसाला काही कळायचं नाही. पण भाव ठरला म्हणून वडील सगळे पैसे द्यायचे नाहीत. इसार द्यायचे, आणि म्हणायचे, आठ दिवस नांगराला, गाडीला जुंपून बघतो. मारका आहे का, बसका आहे का, चढावर दम टाकतो का. मग बाकीचे. वॉरंटी ती होती. आणि तिच्यासाठी कुणी वेगळे पैसे घेत नव्हतं. मी बँकेतला माणूस, लातूरच्या एसीच्या ऑफिसात बसून, दुकानाला एक चक्कर मारून आल्यावर चार लाख साठ हजार एकदम दिले.

गाडीच्या दाताला किलोमीटरचा आकडा म्हणतात, पण बैलाचे दात मागं फिरवता येत नाहीत, आकडा येतो. म्हणून आकड्यावर जाऊ नका, सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा. प्रत्येक नोंदीवर तारीख आणि किलोमीटर असतात. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय आणि आकडा तीस हजार, असं असेल तर काय ते समजा. यंदा आणखी एक गोष्ट. ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडं, मुखेडकडं, लातूर-धाराशिवकडं जे पाणी झालं, त्यात किती गाड्या बुडाल्या ते आपण बघितलंय. त्या गाड्या जातात कुठं? धुऊन, पॉलिश करून बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाचा डाग असतो. पायाखालचं कार्पेट उचलून वास घ्या. सीटच्या रुळांवर गंज आहे का बघा. वॉरंटीच्या कागदात पुराचं नुकसान हमखास वगळलेलं असतं.

माझ्या कज्ज्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं.

मला राग आला होता. ग्राहक आयोगात जायचं ठरवलं. कायदा वाचला. १९८६ चा जुना कायदा जाऊन २०१९ चा नवा आला, तो २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात आपल्यासारख्यांच्या सोयीच्या चांगल्या गोष्टी आहेत. तक्रार जिथं राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे गाडी लातूरला घेतली तरी तक्रार नांदेडच्या जिल्हा आयोगात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. वकील लागतोच असं नाही. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा यातलं काहीही कायद्यात नव्हतं. त्या पिढीनं हे ओढून आणलंय, आणि आपण साधा १९१५ नंबर फिरवायला कंटाळतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे ती.

मी फिरवला. तक्रार नोंदवली. विकणाऱ्याला पत्र लिहिलं, नोंदणीकृत डाकेनं, बँकेतल्या जुन्या सवयीप्रमाणं परिच्छेदांना आकडे टाकून. मुद्दे दोन. एक, पैसे घेताना अटींचा कागद दाखवला नाही, तो आठ दिवसांनी आला. दोन, तुमच्या माणसानं हस्ताक्षरात ‘फुल कव्हर’ लिहून दिलंय. सोबत त्या कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स. आठवड्यात फोन आला, “सर, एकदा येऊन जा ना.” गेलो. या वेळी चहा आधी आला. मालक स्वतः बसला होता, तो गोड बोलणारा मुलगा नव्हता. बोलणं झालं आणि त्यानं बारा हजारांचा चेक दिला. मी घेतला.

बाहेर आल्यावर जावई म्हणाले, “बाबा, बारा हजारात मिटवलंत? आयोगात पूर्ण मिळाले असते.” कदाचित मिळाले असते. पण मी त्यांना म्हणालो, त्या दिवशी लाल दिवा बघून मी गाडी चालवली, हे मी आयोगासमोर शपथेवर काय सांगणार? नाही चालवली, असं? माझ्या टेबलावर अशी फाइल आली असती तर मीही शेरा मारला असता, ‘अर्जदाराची स्वतःची हयगय’. आणि खरं सांगू, उद्या तीच वेळ आली तरी मी गाडी लोह्यापर्यंत आणीन. फक्त मग २९ हजार ३०० रुपये हा पोराच्या प्रवासाचा खर्च आहे, असं लिहीन आणि कंपनीच्या नावानं बोटं मोडणार नाही. जावई अजून तयार नाहीत. ते म्हणतात, दाखवायचे कागद आणि विकायचे शब्द वेगळे असतील तर दोष विकणाऱ्याचाच. त्यांचंही चूक नाही. दिवाळीत हा वाद पुन्हा झाला, फराळ थंडच असतो म्हणून बरं.

आता मला परवाच ब विंगमधल्या एका मुलानं विचारलं, “काका, मग वॉरंटी घेऊ का नको, सरळ सांगा.” सरळ सांगता येत नाही, पण हिशोब सांगतो.

साधी पेट्रोल गाडी, हातानं गिअर टाकायची, पाच-सहा वर्षांची. तिला वर्षभरात काय लागतं? माझ्या वहीत आहे. बॅटरी ४ हजार ८००, ब्रेक पॅड २ हजार २००, एक टायर. यातलं सगळं वगळलेल्या यादीत. म्हणजे जे बिघडतं ते कव्हर नाही, आणि जे कव्हर आहे ते सहसा बिघडत नाही. अशा गाडीला माझं मत नको. तेच सोळा-सतरा हजार पोस्टात किंवा बँकेत बाजूला ठेवा, गाडीच्या नावानं. वर्षाअखेर काही झालं नाही तर पैसे तुमचेच. मी आता महिन्याला पंधराशेचं आरडी खातं काढलंय, घरात त्याला ‘पाइप खातं’ म्हणतात.

पण गाडी टर्बो डिझेल असेल, आपोआप गिअर पडणारी असेल, संगणकाच्या डब्यांनी भरलेली असेल, तर एक मोठा भाग गेला की खर्च हजारांत राहत नाही, लाखाच्या घरात जाऊ शकतो. तिथं माणसाला झोप लागण्यासाठी घ्यावी. आणि त्यातही गाडी बनवणाऱ्या कंपनीचीच मिळत असेल तर ती. दोन-तीन वर्षांची गाडी घेत असाल तर मूळची वॉरंटी अजून शिल्लक आहे का ते आधी विचारा. मारुतीनं जुलै २०२४ पासून नव्या गाडीची मूळ वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली, पूर्वी ती दोन वर्षं किंवा ४० हजार होती. अशी शिल्लक राहिलेली वॉरंटी गाडीबरोबर पुढच्या मालकाकडं जाते, पण कंपनीच्या नोंदीत नाव बदलून घ्या. जी फुकट मिळू शकते ती सोळा हजाराला विकत घ्यायची नाही, एवढं तरी माझ्या मूर्खपणातून घ्या.

आणि घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी कागद मागा, नंतर नव्हे. तो देत नाही म्हणाला तर उठा. पहिलं पान सगळे वाचतात. तुम्ही ‘वगळलेल्या गोष्टी’ असं मथळ्यात असेल ते पान आधी वाचा, तिथं खरा माणूस भेटतो.

वॉरंटीच्या नादात लोक मूळ कागद विसरतात, तेही ओझरतं सांगून टाकतो. गाडी विकली की विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५०. फॉर्म २९ आणि ३०. ‘करू नंतर’ म्हणून ठेवलं आणि मधे अपघात झाला तर ज्याच्या नावावर गाडी तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. आपल्या आवारातले एक गृहस्थ गाडी विकून दीड वर्ष दुसऱ्याचे चलान भरत होते, नाव घेत नाही, ते हसतायत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ बघा, आरसीवरचा बोजा उतरला पाहिजे, तोंडी ‘कर्ज फिटलंय’ चालत नाही. विमा आपल्या नावावर करून घ्या. तृतीय पक्षाचा भाग गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा त्याच्याकडं राहतो, तो तुम्हाला देतो म्हणणारा थाप मारतोय.

एक आपल्या घरचं उदाहरण. मी कोषाध्यक्ष असताना बोअरच्या मोटारीचा वार्षिक देखभाल करार केला होता. तिसऱ्या महिन्यात मोटार जळली. करारात ‘वाइंडिंग वगळून’ लिहिलेलं होतं. मोटारीत वाइंडिंग सोडून दुसरं जळतं काय? त्या वेळी सभेत मला कुणी काही बोललं नाही, तुमचे उपकार आहेत. सध्याच्या समितीनं पुढचा करार करताना ती फाइल काढून बघावी, कपाटात खालच्या कप्प्यात आहे.

वीस मिनिटं केव्हाच झाली. सचिव घड्याळ दाखवत आहेत. गाडी अजून माझ्याकडं आहे, नंबर लातूरचाच, एमएच-२४, पाइप नवा. ज्यांना कागद दाखवायचे असतील त्यांनी सकाळी सातला गेटजवळच्या बाकावर यावं, मी चष्मा घेऊन बसतो. फक्त पैसे दिल्यानंतर येऊ नका, आधी या. चला, तिकडं उपमा थंड व्हायला लागलाय.